किळस जिभेची, विटाळ जातीचा

परदेशात शिकायला निघालेल्या मुलांवर आपल्याकडे सल्ल्यांचा पाऊस पडतो आणि त्यातला निम्मा खाण्याबद्दल असतो. मेतकूट न्या, लोणचं काचेच्या बरणीत नेऊ नका, छोटा कुकर बॅगेच्या मधोमध कपड्यांत गुंडाळा. इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. पण त्याच ओघात एक वाक्य हमखास येतं: 'तिकडे कशात काय घालतात कळत नाही, सांभाळून राहा.' सांभाळायचं कशापासून? पोट बिघडण्यापासून म्हणावं, तर ज्या देशांत आपली मुलं जातात तिथे नळाचं पाणी थेट पितात. ही काळजी पोटाची नाही. ही काळजी विटाळाची आहे, फक्त तो शब्द आता उच्चारायचा नसतो. त्याऐवजी 'आपली संस्कृती', 'आपले संस्कार', 'वासाचा त्रास होतो' असं म्हणायचं असतं.

मुलं तिकडे पोचण्याआधीच व्हॉट्सॲपवर राहण्याच्या जागेचे गट तयार होतात. त्यात जाहिराती येतात: 'चार जणांचा फ्लॅट, एक जागा रिकामी, फक्त शाकाहारी, किचन प्युअर व्हेज.' ज्या देशात पाऊल ठेवलेलं नाही, तिथल्या भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर इथूनच सोवळ्यात ठेवायची ही तयारी. व्हिसा मिळण्याआधी कुंपण घालून झालेलं असतं.

अनोळखी अन्न समोर आल्यावर माणसाला दोन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि आपल्याकडे त्या मुद्दाम एकात मिसळल्या जातात. पहिली किळस. ती कुणालाही येते. जिभेला जे ठाऊक नाही त्याला ती नाही म्हणते. यात पाप नाही, कमीपणाही नाही. सिद्धार्थ गौतम घर सोडून राजगृहात पहिल्यांदा भिक्षेला गेला, पांडव पर्वताच्या सावलीत जेवायला बसला, आणि पात्रात घराघरातून पडलेलं, एकमेकांत मिसळलेलं अन्न पाहून त्याची आतडी तोंडाशी आली, असं निदानकथेत सांगितलं आहे. राजवाड्यातली जीभ होती ती. मग त्याने स्वतःचीच कानउघाडणी केली आणि ते अन्न खाल्लं. परक्या गावचं अन्न पहिल्यांदा खाण्याची इतकी प्रामाणिक नोंद दुसऱ्या कुठल्या धर्मसंस्थापकाच्या चरित्रात मला तरी आढळलेली नाही. किळस अशी असते. ती सवयीने जाते, भुकेने जाते, कधी नुसत्या कुतूहलाने जाते.

दुसरी गोष्ट विटाळ. तो जिभेला कळत नाही, कारण तो चवीत नसतोच. तो अन्न कोणाचं, शिजवलं कोणी, भांडं कोणाचं यात असतो. किळस आलेला माणूस म्हणतो, 'मला नको.' विटाळ मानणारा म्हणतो, 'तूही इथे शिजवू नकोस.' या दोन वाक्यांमधलं अंतर ज्याला दिसत नाही त्याला जात दिसत नाही.

मी समाजशास्त्रात एम.ए. केल्यानंतर एक वर्ष एडिनबर्गला शिकले. तिथल्या खाण्याबद्दल लिहिते, कारण स्कॉटलंडचं ताट आपल्या वस्तीच्या ताटाशेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. तिथला राष्ट्रीय पदार्थ हॅगिस. मेंढीचं काळीज, हृदय आणि फुफ्फुस बारीक करायचं, त्यात ओटचा भरडा, कांदा, चरबी, मिरी घालायची आणि हे सगळं मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून शिजवायचं. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम आवरण वापरतात, पण मूळ रीत ती. बरोबर उकडून कुस्करलेला बटाटा आणि स्वीड नावाचा सलगमच्या जातीचा कंद. दरवर्षी २५ जानेवारीला, कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवशी, हा हॅगिस ताटात ठेवून बॅगपाइप वाजवत मिरवत आणतात, सगळे उभे राहतात, त्याच्यावर बर्न्सने १७८६ साली लिहिलेली कविता म्हणतात आणि ती म्हणतानाच सुरी घालतात. काळीज-फुफ्फुसाची मिरवणूक! आमच्या वस्तीत वजडी आणली तर पिशवीवर वर्तमानपत्र गुंडाळून आणायची.

सकाळच्या न्याहारीला ब्लॅक पुडिंग. डुकराचं रक्त, ओट आणि चरबी यांची जाड सळी, तिच्या चकत्या कापून तव्यावर परततात. लुईस बेटावरच्या स्टोर्नोवे गावच्या ब्लॅक पुडिंगला २०१३ साली युरोपीय संघाने भौगोलिक मानांकन दिलं, म्हणजे आपल्याकडे हापूसला जे आहे ते. माझी आजी बकऱ्याचं रक्त मीठ घालून थिजवायची, उकडून त्याच्या वड्या पाडायची आणि कांद्या-लसणावर परतायची. त्याला रक्ती म्हणतात. रक्तीला मानांकन मागायला कोणतं सरकार जाणार आहे? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहीपर्यंत मराठीतल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांना रक्ती, चान्या, वजडी हे शब्दसुद्धा माहीत नव्हते. पूर्णब्रह्माची शेकडो पुस्तकं, आणि आमच्या चुलीवरचं एक, तेही २०१५ साली.

हॅगिस मी खाल्लं तेव्हा त्यातला ओटचा भरडा मला जोंधळ्याच्या कण्यांसारखा लागला आणि बाकी सगळं ओळखीचं. समोरचा स्कॉटिश वर्गमित्र माझ्या चेहऱ्याकडे पाहत बसला होता. परदेशी पाहुण्यांना आत काय आहे ते सांगायचं आणि त्यांचा पडलेला चेहरा पाहायचा, हा त्यांचा जुना खेळ. मी त्याला रक्ती आणि वजडी समजावून सांगितली. तो हिरमुसला आणि म्हणाला, 'म्हणजे तुम्हीही गरीबच होतात.' गरीब होतोच. पण नुसते गरीब असतो तर एव्हाना आमचीही मिरवणूक निघाली असती.

सगळा मुद्दा इथे आहे. चांगलं मांस विकायचं किंवा धन्याच्या ताटात जायचं आणि आतडी-काळीज गरिबाच्या वाट्याला यायचं, हे तिकडेही होतं. त्यांचीही टिंगल झाली. इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशात ओट या शब्दाचा अर्थ देताना, इंग्लंडात जे घोड्यांना घालतात त्यावर स्कॉटलंडची माणसं जगतात, असा टोमणा मारून ठेवला आहे. पण टिंगल करणारा इंग्रज स्कॉटिश माणसाच्या शेजारी बसून जेवत होता. हॅगिस खाणाऱ्याची सावली कुणाला बाटवत नव्हती. त्याच्या पाणवठ्यावर पहारा नव्हता. म्हणून टिंगलीला उत्तर देता आलं आणि ज्याची टिंगल झाली तेच ताट पुढे देशाचं निशाण झालं. गोरे लोक फार थोर, असं मला म्हणायचं नाही. हाच बर्न्स १७८६ साली जमैकात गुलामांच्या मळ्यावर नोकरीला जायला निघाला होता. पुस्तक खपलं म्हणून राहिला. त्यांचा हिशेब त्यांनी द्यावा. पण काळीज-फुफ्फुसाचं अन्न एका समाजात राष्ट्रीय होतं आणि दुसऱ्या समाजात माणसाची लायकी ठरवतं, याचं कारण काळजात नाही आणि फुफ्फुसातही नाही. अमेरिकेने १९७१ पासून जनावराचं फुफ्फुस अन्न म्हणून विकायला मनाई केली आहे, त्यामुळे खरं स्कॉटिश हॅगिस तिथे जात नाही. आरोग्याच्या कारणावरून केलेला तो नियम आहे. तो योग्य की अयोग्य यावर वाद घाला. पण त्या नियमाने फुफ्फुस खाणाऱ्याला वेशीबाहेर घर बांधायला लावलं नाही.

आता स्वयंपाकघराकडे येते. आम्ही पाच जणी एका फ्लॅटमध्ये होतो, स्वयंपाकघर सामाईक. त्यात आपल्याच राज्यातली एक मुलगी होती. पहिल्या आठवड्यात तिने आडनाव विचारलं. दुसऱ्या आठवड्यात तिच्या फळीवर चिकटपट्टी लागली आणि 'तू तुझा तवा वेगळाच ठेवतेस ना?' हा प्रश्न आला. मी सुकट परतली त्या दिवशी तिने खिडक्या उघडल्या, आणि नंतर गोड आवाजात म्हणाली की वासाने डोकं दुखतं, बाहेर कुठे करता येईल का. हीच मुलगी जानेवारीत बर्न्सच्या जेवणाला आली, हॅगिसचा घास घेतला, 'अनुभव म्हणून' ब्लॅक पुडिंगचीही चकती खाल्ली, आणि सगळ्याचे फोटो टाकले. तिच्या मैत्रिणींनी तिच्या धाडसाचं कौतुक केलं.

गोऱ्याच्या हातचं डुकराचं रक्त चालतं, माझ्या तव्यावरची सुकट चालत नाही. यात शाकाहार कुठे आहे? वासाची गोष्ट म्हणावी, तर खाली रस्त्यावरच्या दुकानात किपर मिळत होता, म्हणजे धुरावलेला हेरिंग मासा. त्याच्या वासापुढे आमची सुकट म्हणजे उदबत्ती. त्या वासाला ती 'ऑथेंटिक' म्हणायची.

पुण्याला हे नवं नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली. कोणी घेतली, कोणी नाही. गोपाळराव जोशींनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि पुढे दोन वर्षं शंकराचार्य, चौकशी, प्रायश्चित्त असा गोंधळ चालला. हे गोपाळराव म्हणजे आनंदीबाईंचे पती. आनंदीबाई १८८३ साली फिलाडेल्फियाला वैद्यकी शिकायला गेल्या, आणि जाण्याआधी त्या मुलीला श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत सांगावं लागलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन. त्या थंडीत तिने आपला आहार सांभाळला. एका मुलीच्या ताटावर सगळ्या जातीची अब्रू ठेवलेली होती. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेला निघाले तेव्हा आईला मांस, मद्य आणि स्त्री यांबद्दल वचन दिलं, तरी मुंबईत मोढ वाण्यांच्या जातसभेने त्यांना वाळीत टाकलंच.

त्या काळात साहेबाच्या हातचा चहासुद्धा बाटवत होता. आज साहेबाचं ताट प्रतिष्ठा देतं. म्हणजे नियम बदलू शकतो, सोयीने बदलतो, डॉलर-पौंडाच्या भावाने बदलतो. साहेबासाठी सगळं सैल झालं. आमच्यासाठी तेवढी चिकटपट्टी राहिली. ज्यांना वाटतं की परदेशात नवं खाल्लं की मन आपोआप मोठं होतं, त्यांनी या हिशेबाचं उत्तर द्यावं. हेच लोक तिकडे स्टेक खाऊन इकडे परततात. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, तेव्हा यांतल्या किती जणांनी तोंड उघडलं?

अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठात एका भारतीय संशोधक विद्यार्थ्याने विभागातल्या मायक्रोवेव्हमध्ये पालक पनीर गरम केलं, तिथल्या कर्मचाऱ्याने वासावरून हटकलं, प्रकरण न्यायालयात गेलं आणि विद्यापीठाला दोन लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. त्या विद्यार्थ्याची बाजू शंभर टक्के बरोबर होती. दुसऱ्याच्या डब्याच्या वासाला नाक मुरडणं हा वंशवादच आहे. पण ती बातमी छाती फुगवून पुढे पाठवणाऱ्यांनी जरा आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डाकडे पाहावं. २०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या मेसमध्ये 'फक्त शाकाहारी' टेबलं राखून ठेवली गेली, आणि त्या टेबलावर बसून निषेध करणाऱ्याला दहा हजार रुपये दंड झाला. पालक पनीरच्या वासासाठी न्याय, आणि बोंबलाच्या वासासाठी दंड. मुलं इथूनच शिकून जातात.

इथे तीन आक्षेप येतात. ते मला पाठ आहेत.

'खाणं ही वैयक्तिक निवड नाही का?' आहे. गांधींनी लंडनमध्ये उपाशी राहून फॅरिंग्डन स्ट्रीटवरची शाकाहारी खानावळ शोधली, हेन्री सॉल्टचं पुस्तक वाचलं, आणि मग आईच्या वचनापलीकडे जाऊन स्वतःच्या विचाराने शाकाहारी झाले. गांधींशी आमची भांडणं आहेत आणि राहतील, पण या एका बाबतीत त्यांनी केलं त्याला निवड म्हणता येतं. जन्माने मिळालेला नियम दुसऱ्याच्या तव्यावर लादणं म्हणजे निवड नव्हे. तुम्ही हॅगिस नका खाऊ. शाकाहारी हॅगिससुद्धा मिळतं, डाळी, भाज्या आणि ओटचं, चांगलं लागतं.

'तुम्ही तर बौद्ध, मग मांस कसं?' हा प्रश्न विचारणाऱ्याने विनयपिटक उघडलेलं नसतं. देवदत्ताने भिक्षूंना मासे-मांस कायमचं बंद करावं अशी मागणी केली होती आणि बुद्धाने ती नाकारली. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंका नाही, असं मांस भिक्षूला चालतं. सुत्तनिपातात आमगंध सुत्त आहे. ते तर याच वासाच्या भांडणाबद्दल आहे. एक ब्राह्मण कच्च्या मांसाच्या दुर्गंधीची तक्रार करतो, आणि त्याला उत्तर मिळतं की दुर्गंधी मांस खाण्याने येत नाही. खून, चोरी, खोटेपणा, कपट यांची दुर्गंधी येते. धर्मानंद कोसंबींनी हे सगळं मराठीत आणून ठेवलं आहे. मांसाबद्दल लिहिलं म्हणून त्यांच्यावर गहजब झाला, तोही इथेच.

'बाबासाहेबांनीच तर मांस सोडायला सांगितलं.' अर्धवट. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडायचं ठरलं. ते आमच्यावर लादलेलं होतं, गावकीच्या कामाला बांधलेलं होतं. ते नाकारणं म्हणजे गुलामी नाकारणं. त्यातून 'शाकाहारी व्हा म्हणजे शुद्ध व्हाल' असा अर्थ काढणाऱ्याने १९४८ चं 'द अनटचेबल्स' वाचावं. गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध कसा जोडला गेला, याची उलटतपासणी त्यात आहे.

पण मला खरा राग आहे तो आपल्याच घरांवर. शहरातल्या आपल्या नोकरदार बौद्ध घरांत मूल परदेशी निघतं तेव्हा आई हळूच सांगते, 'कुणाला सांगू नकोस आपण काय खातो ते.' काही घरांनी तर शेजाऱ्यांसाठी श्रावण पाळायला सुरुवात केली आहे. श्रीनिवासांनी १९५२ साली याला संस्कृतीकरण असं नाव दिलं, एम.ए.च्या पेपरला आम्ही ते दहा गुणांसाठी लिहितो आणि घरी येऊन तेच करतो. शिष्यवृत्ती मिळवून समुद्र ओलांडलेली मुलगी त्या 'प्युअर व्हेज' फ्लॅटमध्ये आडनाव लपवून, डाळभात खाऊन वर्ष काढते. मी अर्ज भरून दिलेल्या मुलींपैकी दोघींनी हे केलं आहे. का, विचारलं तर म्हणाल्या, 'ताई, भाडं कमी होतं आणि ओळखीचे लोक होते.' ओळखीचे म्हणजे कोण?

भाड्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. अनोळखी अन्नाची मौज घ्यायला खिशात पैसे लागतात. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. तिथे हार्टली हॉल या वसतिगृहातलं जेवण त्यांना रुचलं नाही, आठवड्याभरात त्यांनी मुक्काम बदलला. किळस त्यांनाही आली, माणूस होते. पण १९२० नंतर लंडनमध्ये निवडीला जागाच नव्हती. धनंजय कीर यांच्या चरित्रात त्यांच्या त्या खाणावळीचं वर्णन आहे: सकाळी पावाचा तुकडा, माशाचा लहानसा तुकडा, रात्री बिस्किटं आणि कपभर बोव्हरिल. मध्यरात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड भाजून खायचे. आपण ही गोष्ट जयंतीला डोळ्यांत पाणी आणून सांगतो, सांगायलाच हवी. पण बोव्हरिल काय असतं ते सांगत नाही. बोव्हरिल म्हणजे गोमांसाचा अर्क, गरम पाण्यात ढवळून प्यायचा. लंडनच्या थंडीत तो पिऊन त्यांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिलं. शेजारच्या काकूंना वाईट वाटेल म्हणून हा तपशील गाळायचा असेल तर भाषणच करू नका.

आणि नुसतं एकत्र खाल्ल्याने जात मोडत नाही, हेही १९३६ च्या 'जातिप्रथेचं निर्मूलन'मध्ये सांगून झालं आहे. सहभोजनं पुष्कळ झाली, जात तिथेच आहे, कारण मुळाशी लग्नाची बेडी आहे आणि तिच्याही खाली शास्त्रांवरची श्रद्धा. त्यामुळे हॅगिसच्या घासाने क्रांती होईल असं मी सांगत नाही. माझी ती सहनिवासी हॅगिस खाऊन परतली आणि तिच्या लग्नाच्या जाहिरातीत पोटजातसुद्धा ठरलेली होती. मागणी एवढीच आहे की निदान तव्यापाशी तरी आपण मागे सरू नये.

या सप्टेंबरला जी मुलं जाणार आहेत त्यांच्यासाठी. जागेचा करार करण्याआधी 'किचनचे नियम काय' हे लेखी विचारा. 'प्युअर व्हेज' असं उत्तर आलं तर दहा-वीस पौंड जास्त देऊन चिनी, नायजेरियन, पोलिश मुलांबरोबर राहा. तिथे वास सगळ्यांचेच असतात आणि एक्झॉस्ट फॅन सगळ्यांसाठी चालू असतो. विद्यापीठाच्या वसतिगृहात कुणी तुमच्या भांड्याला हात लावला, चिकटपट्टी मारली, तर 'कल्चरल डिफरन्स' म्हणून गप्प बसू नका, ईमेल करा. तारीख घाला, फोटो जोडा. तिथल्या अधिकाऱ्याला जात कळत नसेल तर समजावून सांगा. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा येतो हे गृहीत धरून पहिले दोन महिने काढायला डाळ, तांदूळ, चटणी न्या. ओट तिकडे फार स्वस्त मिळतो. मीठ घालून पाण्यात शिजवला की झाली कण्यांची आंबील. काळीज मांसाच्या दुकानात सगळ्यात कमी भावाला असतं, कारण तिकडच्या तरुण मुलांना ते आता नको असतं. खाटकाला विचारा, तो कापून देतो. मसाला आईकडून दोन किलो करून घ्या.